डीपी, आरक्षणं आणि पुनर्विकास: महापालिकेच्या सभागृहाची नजर कुठवर पोचते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहराचा विकास आराखडा, म्हणजे सगळे ज्याला ‘डीपी’ म्हणतात तो, आणि जुन्या वस्त्यांचा पुनर्विकास या दोन विषयांवर सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ‘आरक्षण’ म्हणजे इथे शाळा, बाग, मैदान अशा सार्वजनिक कामासाठी आराखड्यात राखून ठेवलेली जमीन. सोपे आधी, अडचणीचे नंतर. ‘कायदा’ म्हटलं की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ समजावा; रोजच्या बोलण्यात तो ‘एमआरटीपी’. नुसता कलम क्रमांक असेल तर तो याच कायद्याचा.

१. डीपी महापालिका करते की सरकार?

तयार करतं नियोजन प्राधिकरण, म्हणजे बहुतेक शहरांत महापालिका किंवा नगरपरिषद. मंजूर करतं राज्य सरकार, म्हणजे प्रत्यक्षात मंत्रालयातला नगर विकास विभाग. टप्पे असे: इरादा जाहीर करणं (कलम २३), आज जमिनीवर काय आहे त्याचा ‘विद्यमान जमीन वापर नकाशा’ (कलम २५), प्रारूप आराखड्याची प्रसिद्धी (कलम २६), हरकतींची सुनावणी आणि त्यानंतरचे बदल (कलम २८), सरकारकडे पाठवणं (कलम ३०), मंजुरी (कलम ३१). लागू झाल्यापासून वीस वर्षांत एकदा तरी तो सुधारावा लागतो (कलम ३८).

आराखड्याचे तीन भाग असतात: नकाशे, अहवाल आणि विकास नियंत्रण नियमावली. लोक फक्त नकाशा बघतात. इमारत किती उंच जाणार, कडेला किती जागा सुटणार, हे नियमावली ठरवते. मुंबईला ‘डीसीपीआर २०३४’ ही नियमावली लागू आहे. काही अपवाद सोडले तर बाकी राज्याला ३ डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित नियमावली आहे, यूडीसीपीआर. तेव्हापासून मुंबईबाहेरच्या सभागृहांची नियमावलीवरची पकड जवळजवळ संपली. नगरसेवकानं ‘आपल्या शहरात एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) कमी करू’ म्हटलं, तर ते ज्या त्या सभागृहाच्या हातातलं राहिलेलं नाही.

२. मग नगरसेवकांच्या हातात नेमकं काय उरतं?

डीपीच्या प्रवासात तीन जागा. पहिली, प्रारूप प्रसिद्ध करण्याआधी ते सभेपुढे येतं तेव्हा. दुसरी, हरकती ऐकणारी नियोजन समिती. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य, म्हणजे नगरसेवकच, असतात (प्रश्न ७). तिसरी, समितीचा अहवाल आल्यावर सभा बदल ठरवते ती बैठक (प्रश्न ८).

डीपी मंजूर झाल्यावरही काही विषय सभागृहाकडे येत राहतात: कलम ३७ चे फेरबदल आणि रस्ता रेषेचे प्रस्ताव (प्रश्न १२), कलम १२७ च्या नोटिशीनंतरची भूसंपादनं (प्रश्न १३), पालिकेच्या मालकीच्या जागांवरचे पुनर्विकास.

सभेचं नाव गावागणिक बदलतं. पुण्यात ‘मुख्य सभा’, ठाणे-कल्याणकडे ‘महासभा’, कायद्याच्या भाषेत ‘सर्वसाधारण सभा’. मुंबईत पालिकेच्या जागांचे विषय ‘सुधार समिती’कडे जातात, पुण्यात नियोजनाचे विषय आधी ‘शहर सुधारणा समिती’त येतात. अर्ज करताना आपल्या शहराचं नाव वापरा, नाहीतर कागद भलत्या टेबलावर जातो.

३. प्रारूप डीपी प्रसिद्ध झाला हे कळणार कसं? मुदत कधीपासून मोजायची?

राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर सूचना येते. मुदत राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून मोजतात. वर्तमानपत्रातली जाहिरात चार दिवस उशिरा आली तरी घड्याळ आधीच सुरू झालेलं असतं. किती दिवस ते सूचनेतच छापलेलं असतं. ३० किंवा ६० दिवसांच्या सूचना दिसतात. मुदतवाढीच्या मागण्या दर वेळी होतात, पण त्यांच्यावर विसंबून बसू नका.

सूचनेतल्या तीन ओळी तपासा: हद्द कोणती (जुनी हद्द, वाढीव हद्द की समाविष्ट गावं), नकाशे कुठे पाहायला ठेवले आहेत, आणि हरकत कोणाच्या नावे, कोणत्या कार्यालयात द्यायची. एकाच शहरात दोन हद्दींचे दोन आराखडे वेगवेगळ्या वेळी चालू असतात, तिथेच घोळ होतो.

४. नकाशात माझी जागा सापडत नाही. कशी शोधू?

आधी सात-बारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक काढा आणि त्यावरचा गट, सर्व्हे किंवा नगर भूमापन क्रमांक लिहून घ्या. जुना सर्व्हे क्रमांक आणि नंतरचा हिस्सा क्रमांक असे दोन्ही ठेवा, कारण नकाशावर कधी एक असतो, कधी दुसरा. मग पालिकेच्या नगररचना विभागात त्या क्रमांकाचा ‘भाग नकाशा’ आणि ‘झोन दाखला’ मागा. मुंबईत त्याला ‘डीपी अभिप्राय’ म्हणतात. रंगांवरून अंदाज बांधू नका. कोपऱ्यातली सूची वाचा.

त्यानंतर एक काम असतं जे बहुतेक जण टाळतात: विद्यमान जमीन वापर नकाशा शेजारी ठेवा. प्रारूपातल्या बऱ्याच चुका तिथून आलेल्या असतात. वीस वर्षं राहती असलेली इमारत त्या नकाशावर ‘मोकळी जागा’ म्हणून रंगली, की पुढच्या टप्प्यात तिच्यावर बाग पडते. मुंबईचा २०१५ मधला प्रारूप आराखडा अशा चुकांपायी गाजला. रस्त्यांची नावं, प्रार्थनास्थळं, वारसा वास्तू यांच्या इतक्या चुका निघाल्या की एप्रिल २०१५ मध्ये सरकारला तो बाजूला ठेवून दुरुस्त करायला सांगावं लागलं. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं, मंजुरी मे २०१८ मध्ये.

नदीकाठी जागा असेल तर पूररेषाही तपासा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा जलसंपदा विभागाच्या असतात. डीपीच्या नकाशावर त्या सरकलेल्या दिसल्या, तर ‘रेषा कोणत्या तारखेच्या सर्वेक्षणावरून घेतली’ हा प्रश्न हरकतीत विचारा.

५. हरकत कशी लिहायची? नमुना द्याल का?

एका हरकतीत एकच जागा, एकच मागणी. पुढचा मजकूर चालत नाही, आणि नेमका असाच सर्वांत जास्त येतो:

‘आमच्या भागातील आरक्षणे अन्यायकारक असून ती तात्काळ रद्द करावीत.’

यावर समिती काय ठरवणार? कोणतं आरक्षण, कुठलं, रद्द करून काय ठेवायचं, काहीच नाही. हाच मुद्दा असा लिहा (क्रमांक काल्पनिक आहेत):

‘प्रारूप विकास आराखड्याच्या नकाशा क्र. ६ वर, स. नं. ४७/२ या जमिनीवर प्राथमिक शाळेचे आरक्षण प्रस्तावित आहे. या जमिनीवर सन २००४ चा भोगवटा दाखला असलेली चार मजली निवासी इमारत उभी आहे (प्रत जोडली आहे). विद्यमान जमीन वापर नकाशावर ही जागा मोकळी दाखवलेली आहे, ती नोंद चुकीची आहे. सबब सदर आरक्षण वगळून जमीन रहिवासी विभागात समाविष्ट करावी. शाळेची गरज लगतच्या स. नं. ४९ या पालिकेच्या मोकळ्या जमिनीवर भागू शकते. सुनावणीस उपस्थित राहण्याची संधी मिळावी.’

शेवटची दोन वाक्यं विसरू नका. पर्याय सुचवलेल्या हरकतीवर विचार करणं समितीला सोपं जातं, आणि सुनावणीची लेखी मागणी केलेली असली की पुढे ‘बोलावलंच नाही’ हा मुद्दा तुमच्या बाजूनं उभा राहतो. सोबत मालकीचा कागद, भाग नकाशा, मोजणी नकाशा असेल तर तो, आणि तारीख दिसणारे फोटो जोडा. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ऑनलाइन भरली तर पोचपावतीची प्रत काढून ठेवा.

६. सोसायटीतल्या दोनशे जणांनी एकच छापील हरकत दिली तर वजन वाढतं का?

आकडा वाढतो, वजन फारसं नाही. एकसारख्या हरकतींचा गठ्ठा करून त्यांची एकत्र सुनावणी लावतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूपावर २०१३ मध्ये ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या. त्यातल्या प्रत्येकीला वेगळा न्याय मिळणं शक्यच नव्हतं. एक सविस्तर हरकत सोसायटीच्या ठरावासह द्या, आणि ज्यांचा मुद्दा खरोखर वेगळा आहे (दुकानदार, भाडेकरू, रस्त्यात जाणारा कोपऱ्याचा प्लॉट) त्यांनी आपापली स्वतंत्र द्यावी. मालक नसलात तरी हरकत देता येते.

७. सुनावणी कोण घेतं? तिथे काय बोलायचं?

कलम २८ खालची नियोजन समिती. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले, नगर नियोजन किंवा पर्यावरणाची जाण असलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. म्हणजे तज्ज्ञ पूर्ण संख्येनं नेमले तर नगरसेवक समितीत अल्पमतात असतात. हे मुद्दाम केलेलं आहे आणि आमच्या मते योग्यही आहे.

तुम्हाला दोन-पाच मिनिटं मिळतील. त्यात कायदा सांगत बसू नका. नकाशावर बोट ठेवा, चूक दाखवा, मागणी सांगा, थांबा. नवा मुद्दा काढलात तर ‘हे तुमच्या लेखी हरकतीत नाही’ असं उत्तर येऊ शकतं. म्हणून मूळ हरकतच नीट लिहायची. बोललेलं सगळं एका पानावर लिहून तिथेच द्या आणि हजेरीपटावर सही केल्याशिवाय निघू नका.

समितीत एकमत होईलच असं नाही. पुण्यात नगरसेवक सदस्य आणि तज्ज्ञ सदस्य यांचे दोन वेगळे अहवाल आले होते. पुढचं प्रश्न १० मध्ये.

८. अहवाल सभेपुढे येतो तेव्हा काय होतं? ‘उपसूचना’ काय असते?

सगळ्यात जास्त लक्ष इथे हवं. प्रशासन विषयपत्रिकेसोबत गोषवारा देतं: समितीनं काय शिफारस केली, कुठे काय बदललं. सभासद त्यावर उपसूचना, म्हणजे मूळ विषयात बदल सुचवणारा प्रस्ताव, मांडतात; सूचक एक, अनुमोदक एक, कागद बऱ्याचदा हातानं लिहिलेला. विषय मंजूर होतो तो ‘उपसूचनांसह’. सभेच्या शेवटच्या तासाला पंधरा-वीस उपसूचना एका दमात, वाचून न दाखवता मंजूर झाल्या, की कोणत्या प्लॉटचं काय झालं हे इतिवृत्त हाती येईपर्यंत खुद्द सभासदांनाही ठाऊक नसतं.

उपसूचना वाचताना एका शब्दावर थांबा: ‘पैकी’. ‘स. नं. ४७ पैकी क्षेत्रावरील खेळाच्या मैदानाचे आरक्षण वगळून रहिवासी करणे.’ पैकी म्हणजे किती? कुठल्या बाजूचं? क्षेत्रफळ नाही, चतुःसीमा नाही, नकाशा जोडलेला नाही. अशी मोघम उपसूचना नंतर हवी तशी ताणता येते. दक्ष नगरसेवकानं सभेतच तीन गोष्टी इतिवृत्तात नोंदवून घ्यायला सांगावं: क्षेत्र चौरस मीटरमध्ये, सोबतचा नकाशा, आणि ही मागणी कोणत्या क्रमांकाच्या हरकतीतून आली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कोणत्याच नाही’ असेल, तर त्या बदलावर कुणाची सुनावणी झालेली नाही, हे तिथेच उघडं पडतं.

‘ऐनवेळचे विषय’ म्हणून, म्हणजे विषयपत्रिकेत नसताना, नियोजनाचा विषय आला तर तो तहकूब करण्याची मागणी करा. कारण सांगायचं: गोषवारा वेळेत मिळाला नाही. एखादी सूचना ‘दप्तरी दाखल’ झाली म्हणजे ती मागे पडली. फेटाळली असं मात्र समजू नये, ती पुढच्या वर्षी पुन्हा वर येऊ शकते.

९. सभेनं बदल केले म्हणजे झालं का? त्यावर पुन्हा हरकत देता येते?

सभेनं केलेल्या बदलांची यादी कलम २८(४) खाली प्रसिद्ध होते ती लोकांच्या माहितीसाठी. त्या टप्प्यावर नव्यानं सुनावणी अपेक्षित धरू नका. पण आराखडा अजून मंजूर झालेला नसतो. नगर विकास विभागाला लेखी निवेदन द्या. प्रश्न ५ मधलाच साचा, फक्त सुरुवात ‘कलम २८(४) खालील बदल क्र. अमुक’ अशी करा.

मंजुरी देताना सरकारला मोठ्या स्वरूपाचे बदल करायचे असतील, तर ते वेगळे काढून हरकती मागवाव्या लागतात. ‘मोठ्या स्वरूपाचे’ म्हणजे काय ते कलम २२-अ सांगतं. नवं आरक्षण किंवा नवा रस्ता टाकणं, एफएसआय ठरलेल्या मर्यादेपलीकडे बदलणं हे त्यात येतं. असा भाग मंजुरीतून वगळलेला असतो. मुंबईच्या आराखड्यात तो ‘ईपी’ (एक्सक्लूडेड पार्ट, वगळलेला भाग) म्हणून दिसतो. तुमच्या जागेवर ईपी क्रमांक असेल तर हरकतीची दुसरी संधी आहे. ती चुकवली की कलम ३७ शिवाय वाट नाही (प्रश्न १२).

१०. सभेनं निर्णयच घेतला नाही, मुदत उलटून गेली, तर?

सरकार आराखडा स्वतःकडे घेऊ शकतं. पुण्यात तेच झालं. २०१५ मध्ये जुन्या हद्दीचा आराखडा महापालिकेकडून काढून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला गेला आणि ५ जानेवारी २०१७ रोजी सरकारनं तो मंजूर केला. विषय वारंवार तहकूब करून आपण आराखडा अडवून धरला असं सभागृहाला वाटत असतं. प्रत्यक्षात आपला अधिकार आपणच हातानं सोडलेला असतो.

११. आराखडा मंजूर नाही, तरी शेजारच्या प्लॉटला बांधकाम परवानगी कशी मिळाली?

परवानगी देताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूपाचाही विचार करावा लागतो (कलम ४६). म्हणजे प्रारूपात त्या प्लॉटवर आरक्षण असेल, तर जुन्या आराखड्याकडे बोट दाखवून डोळे मिटून परवानगी देता येत नाही. मात्र परवानगी प्रारूपाच्या प्रसिद्धीआधीची असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून आधी तिची तारीख मिळवा (प्रश्न २०).

१२. मंजूर डीपीत नंतर बदल कसे होतात? नगरसेवकांनी कुठे लक्ष ठेवायचं?

मुख्य रस्ता कलम ३७. अट अशी की आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. पालिका स्वतःहून किंवा सरकारच्या आदेशावरून सूचना प्रसिद्ध करते, हरकतींना एक महिना असतो, ज्यांच्या जागेवर परिणाम होणार त्यांना स्वतंत्र नोटीस द्यावी लागते, सुनावणी होते आणि प्रस्ताव मंजुरीसाठी सरकारकडे जातो. महिन्याची मुदत फार लवकर संपते. ‘फेरबदल’ हा शब्द असलेली जाहीर सूचना दिसली की त्याच आठवड्यात भाग नकाशा मिळवा.

नियमावलीतला छोटा बदल प्लॉटवरच्या बदलापेक्षा किती तरी महाग पडू शकतो. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींचं उदाहरण पाहा. १९९१ च्या नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे जमीन ढोबळमानानं तीन वाट्यांत जायची: शहराच्या मोकळ्या जागा, म्हाडाची घरं, मालक. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणी पाडून मोकळी होणारी जमीन तिच्यातून सुटली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. ‘मोकळी’ या एका शब्दाच्या व्याख्येनं शहराच्या वाट्याला येणारं क्षेत्र आकसलं. म्हणून नियमावलीचा प्रस्ताव आला की जुना आणि नवा मजकूर शेजारी-शेजारी छापून मागा, आणि क्षेत्रफळात फरक किती पडतो याचा तक्ता मागा.

दुसरी वाट अधिक आडबाजूची आहे: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्ता रेषा आखणं. इथे डीपीला हात न लावता रस्ता रुंद होतो आणि विषय स्थायी समितीत संपतो. २०२० मध्ये पुण्यात सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव स्थायी समितीनं मंजूर केला, त्यावर मोठा वाद झाला. नऊ मीटरच का? त्याहून अरुंद रस्त्यावर टीडीआर (पालिकेला दिलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही. रस्ता कागदावर रुंद झाला की त्याच्या कडेच्या प्लॉटांची उंची वाढते. नगरसेवकानं विचारायचा प्रश्न सरळ आहे: रुंदीकरणाची जागा प्रत्यक्षात कधी ताब्यात येणार, आणि तोवर वाढीव बांधकामाला परवानगी थांबवणार का?

१३. आमच्या जमिनीवर पंधरा वर्षं आरक्षण आहे. पालिका घेतही नाही, सोडतही नाही. काय करावं?

कलम १२७. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली असतील, तर मालकीची कागदपत्रं जोडून पालिकेला नोटीस द्यायची. नोटीस पोचल्यापासून २४ महिन्यांत (२०१५ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत १२ महिने होती) संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झालं, म्हणजे आपोआप संपलं, असं मानतात आणि लगतच्या जमिनीला जो वापर चालतो तो तुम्हाला मिळतो. ‘पावलं’ म्हणजे नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार नाही, संपादनाच्या दिशेनं खरी कृती हवी, हे गिरनार ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये स्पष्ट केलं.

कुठे बिघडतं? मालकाच्या बाजूनं: सगळ्या सहमालकांच्या सह्या नसतात, सात-बाऱ्यावर वारस नोंद झालेली नसते, पोच जपलेली नसते. शहराच्या बाजूनं बिघडतं ते जास्त महागाचं. नोटीस आवक विभागातून नगररचनेकडे, तिथून भूमी संपादनाकडे फिरत राहते, सभेपुढे विषय येतो तेव्हा मुदतीचे थोडेच दिवस उरलेले असतात, आणि पैशांची तरतूद नाही म्हणून मैदान हातचं जातं. यावर साधा उपाय आहे. कलम १२७ च्या नोटिशींची नोंदवही (आल्याची तारीख, आरक्षण, क्षेत्र, मुदत संपण्याची तारीख) दर महिन्याला सभेपुढे ठेवायला लावायची. हे करून घेणारा एक नगरसेवक वर्षभर भाषणं करणाऱ्या दहांपेक्षा जास्त मैदानं वाचवतो.

१४. मालकाला टीडीआर दिला. मग ती जागा पालिकेच्या नावावर झाली, असं धरायचं का?

धरू नका, तपासा. मालमत्ता पत्रकावर किंवा सात-बाऱ्यावर पालिकेचं नाव लागलं का, ताबा पावती आहे का, कुंपण आहे का. समावेशक आरक्षणात मालक जागेचा काही भाग किंवा बांधलेली सुविधा पालिकेला देतो आणि उरलेलं स्वतः विकसित करतो. तिथे आणखी एक प्रश्न विचारायचा: पालिकेला द्यायची शाळा किंवा दवाखाना हाती येण्याआधी विकासकाच्या विक्रीच्या इमारतीला भोगवटा दाखला दिला गेला का?

१५. क्लस्टर पुनर्विकास सभागृहाच्या मंजुरीनं होतो का?

क्लस्टर म्हणजे एका भागातल्या अनेक जुन्या इमारतींचा एकत्र पुनर्विकास. मंजुरी कोणाची, ते शहरावर अवलंबून आहे. मुंबईत डीसीपीआरच्या नियम ३३(९) खालचे प्रस्ताव आयुक्तांच्या अध्यक्षतेखालची उच्चाधिकार समिती पाहते. किमान क्षेत्र शहरात ४,००० चौ. मी., उपनगरांत ६,००० चौ. मी. भेंडीबाजाराचा सुमारे साडेसोळा एकरांचा, अडीचशेच्या आसपास जुन्या इमारतींचा प्रकल्प याच नियमातला. सभागृहापुढे येतो तो पालिकेच्या मालकीचा तुकडा त्यात असेल तेव्हा, आणि मग विचारायचं बरंच असतं: पालिकेच्या जमिनीची किंमत कशी धरली, त्या बदल्यात बांधलेलं क्षेत्र किती मिळणार, भाडेकरूंची यादी कोणी आणि कोणत्या तारखेला प्रमाणित केली, संक्रमण शिबिर की भाडं, भाडं थकलं तर कोणाची हमी जप्त होणार.

मुंबईबाहेर, उदाहरणार्थ ठाण्यात, ‘नागरी पुनरुत्थान’ आराखड्यांच्या रूपानं हे येतं. तिथे हद्द कुठून कुठे आखली हाच खरा मुद्दा असतो. गावठाणं आणि कोळीवाडे हद्दीबाहेर ठेवण्याची मागणी सतत होते, कारण तिथली मालकी इमारतीगणिक नाही, घरागणिक आहे; तीच फूटपट्टी लावली की हिशेब चुकतो. सभासदानं पाण्याचा प्रश्नही धरून ठेवावा: पुनर्विकासानंतरची लोकसंख्या किती, आजची जलवाहिनी आणि मलवाहिनी कितीची, मधला फरक कोण बांधणार आणि घरांच्या ताब्याआधी की नंतर.

१६. झोपडपट्टी पुनर्वसनात नगरसेवक काही करू शकतात का?

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, ‘एसआरए’, हेच तिथलं नियोजन प्राधिकरण आहे. सभागृह योजना मंजूर वा नामंजूर करत नाही. जागा पालिकेची असेल तर पात्रतेची यादी, म्हणजे ‘परिशिष्ट-२’, पालिकेचं विभाग कार्यालय तयार करतं, आणि नगरसेवकाचा उपयोग सर्वांत जास्त इथे होतो. १ जानेवारी २००० पूर्वीचे झोपडीधारक मोफत घराला, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचे सशुल्क घराला पात्र. वाद होतात ते पुराव्यावर: मतदार यादीत नाव आहे पण घर क्रमांक वेगळा, वीजबिल आधीच्या मालकाच्या नावे. यादी अंतिम होण्याआधी वस्तीत तिचं वाचन करवून घ्या.

१७. आमच्या सोसायटीचा पुनर्विकास महासभेपुढे जातो का?

नाही. तो सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या निर्देशांनी (शासन निर्णय ४ जुलै २०१९) सोसायटीच्या विशेष सभेत ठरतो. बांधकामाची परवानगी आयुक्तांच्या अखत्यारीतला विभाग देतो. प्लॉटवर आरक्षण किंवा रस्ता रुंदीकरण असेल तर मात्र प्रश्न ४ आणि १२ आधी वाचा, विकासकाचं सादरीकरण नंतर ऐका.

१८. आमच्या भागात नियोजन सिडकोकडे (किंवा एमआयडीसी, एमएमआरडीएकडे) आहे. मग महापालिकेकडे हरकत द्यायची का?

राजपत्रातल्या सूचनेत ज्या प्राधिकरणाचं नाव आहे त्याच्याकडेच. सिडकोसारख्या विशेष नियोजन प्राधिकरणाला (कलम ४०) निवडून आलेलं सभागृह नसतं, त्यामुळे प्रश्न ७ आणि ८ मधली सभासदांची चाळणी तिथे लागू होत नाही. महापालिकेनं ठराव करून आपलं म्हणणं कळवावं, इतकंच. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगर नियोजन पहिल्याच क्रमांकावर असूनही ही स्थिती आहे, ही आमची कुरकुर.

१९. प्रशासक असताना घेतलेले निर्णय चालतात का? आणि सभेचा ठराव सरकार फिरवू शकतं का?

चालतात, निवडून आलेलं सभागृह नसताना सरकारनं नेमलेला प्रशासक सभा आणि स्थायी समिती दोघांचेही अधिकार वापरतो. पिंपरी-चिंचवडचं प्रारूप मे २०२५ मध्ये असंच प्रसिद्ध झालं. राजपत्र, हरकती, सुनावणी या पायऱ्या मात्र प्रशासकालाही चुकत नाहीत. १५ जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीच्या मतदानानंतर आलेल्या सभासदांनी पहिल्या काही बैठकांत प्रशासकाच्या काळातल्या कलम ३७, कलम २१० आणि कलम १२७ च्या विषयांची यादी मागावी.

ठराव सरकार निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकतं (महानगरपालिका अधिनियम, कलम ४५१). नगरपरिषदेत तोच धाक जिल्हाधिकाऱ्यांचा, १९६५ च्या कायद्याच्या कलम ३०८ खाली. ज्या ठरावात कारणं लिहिलेली असतात तो फिरवणं सरकारला अवघड जातं. ‘एकमताने मंजूर’ एवढंच लिहिलं असेल तर सोपं.

२०. कागदच मिळत नाहीत. माहिती अधिकारात काय मागायचं?

महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क १० रुपये, उत्तराला ३० दिवस. ‘डीपीची सर्व माहिती’ मागितली की अर्ज परत येतो. असं मागा: ‘अमुक तारखेच्या सभेतील विषय क्र. अमुक चा गोषवारा, त्यावरील सर्व उपसूचनांच्या मूळ कागदांच्या प्रती, आणि त्या विषयाच्या इतिवृत्ताची प्रत.’ नगररचना विभागासाठी दुसरा अर्ज, कलम १२७ च्या नोंदवहीसाठी तिसरा. नकाशाची नुसती प्रत मागण्याऐवजी आधी ‘अवलोकन’ मागा; फाइलवरच्या टिपण्या समोर बसून वाचता येतात, आणि कोणत्या पानाची प्रत हवी ते तिथेच ठरवता येतं.